क्लेगसाहेबांची तीन पानं

कर्वेनगर, पुणे
२१ सप्टेंबर

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा, श्यामचा, वाकून नमस्कार. (वाकणं सध्या कागदावरच जमतं. डॉक्टरांनी कमरेला दिवाळीपर्यंत पट्टा सांगितला आहे.) तुझा गुडघा कसा आहे? नदीचं पाणी या वर्षी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत गेलं असं कळलं, बरं वाटलं. इकडे सर्व कुशल. हिची साखर ताब्यात आहे, माझी जीभ नाही. खडकवासला भरून वाहतंय आणि दर गुरुवारी आमचं पाणी बंद असतं, या दोन्ही बातम्या एकाच पानावर शेजारीशेजारी छापून येतात आणि संपादकाला काही वाटत नाही. मी पत्र लिहिलं होतं, ते छापलं नाही.

फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तू म्हणशील. फोनवर तू ‘श्याम, खरं सांग’ म्हणतेस आणि मी लगेच खोटं बोलतो, हे गेली साठ वर्षं चालू आहे. कागदावर निदान खाडाखोड करता येते. तुझ्या केयूरनं तुला काय सांगितलंय ते मला माहीत नाही. तो तुझ्यावर गेलाय, म्हणजे ‘मामाकडून जरा चूक झाली’ एवढंच म्हणाला असेल. जरा नव्हे, अक्का. मी एका शहाऐंशी वर्षांच्या सज्जन माणसाची त्याच्याच गावात, भर सभेत बेअब्रू केली. तीही छापून, आणि माझ्या इंग्रजीत.

पहिल्यापासून सांगतो. केयूर इंग्लंडात ज्या ऑल्डरबी गावात राहतो तिथे एक फुटबॉलचा क्लब आहे. गावाची वस्ती नऊ हजार, म्हणजे आमच्या गल्लीतल्या तीन सोसायट्या. क्लब हौशी. कुणी पोस्टमन, कुणी खाटीक, कुणी शाळामास्तर. आठवडाभर काम करायचं आणि शनिवारी चिखलात लोळायचं. त्याची स्वराली तिथल्या मुलींच्या संघात खेळते, आणि केयूरला नाही म्हणता येत नाही, म्हणून तो कार्यकारिणीवर आहे. या वर्षी क्लबला शंभर वर्षं पूर्ण झाली. इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरलं. अडचण अशी की क्लबाचे चिटणीस, हर्बर्ट क्लेग नावाचे गृहस्थ, यांनी बत्तीस वर्षं सभांची इतिवृत्तं स्वतःच्या हातानं लिहिली होती आणि त्यांचं अक्षर गावात कुणालाही लागत नव्हतं. तेव्हा केयूरनं अभिमानानं सांगितलं, की माझा मामा तीस वर्षं पुण्यात एका दफ्तरखान्यात मोडी वाचत होता, वाळवीनं खाल्लेले कागदसुद्धा वाचायचा. बिचाऱ्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, हे त्याच्या आयुष्यातलं फुटबॉलपेक्षा मोठं धाडस.

गेल्या दिवाळीत चौदा वह्यांचे फोटो आले. अक्का, काय सांगू, पहिले चार महिने मी इतका सुखात होतो की हिला संशय आला. निवृत्त झाल्यापासून मी फक्त सोसायटीच्या सूचनाफलकावरचं शुद्धलेखन तांबड्या पेनानं सुधारत होतो. आता रोज सकाळी दहाला टेबलाशी बसायचो, भिंग घेऊन. १९४६ साली चेंडू नदीत गेला, तर तो काढायला तीन जणांची उपसमिती नेमली. समितीचा अहवाल आला तेव्हा चेंडू समुद्राला मिळाला असावा. दुसरा चेंडू घ्यावा की नाही यावर १९४७ मध्ये तीन सभा झाल्या. (आमच्या लिफ्टच्या आठ झाल्या. माणूस सगळीकडे सारखाच.) मध्यंतरात चहा देणाऱ्या मिसेस पिम यांनी अकरा वेळा राजीनामा दिला, तो अकरा वेळा आभारपूर्वक स्वीकारला गेला, आणि पुढच्या शनिवारी चहा होताच. ही माणसं मला आवडायला लागली होती. मी हिला जेवताना मिसेस पिमच्या गोष्टी सांगायचो आणि ती म्हणायची, “त्या बाईंना माझ्याकडे पाठवा, मलाही एक राजीनामा लिहून हवाय.”

आता मला फुटबॉल येत नाही, हे तुला माहीत आहे. शाळेत मला रेषेवर निशाण घेऊन उभं करत आणि मी ते सावलीसाठी वापरत असे. वरच्या मजल्यावर वैजनाथ म्हणून यवतमाळचा एक मुलगा भाड्यानं राहतो, हिंजवडीला नोकरीला आहे, रविवारी फुटबॉल खेळतो. मजकूर त्याला दाखवला. मी मोठ्या शहाणपणानं लिहिलं होतं, की १९४९ सालच्या एका सामन्यात गोलरक्षकानं चेंडू सरळ हातानं धरला तरी कुणी हरकत घेतली नाही, यावरून त्या काळची ढिलाई दिसते. वैजनाथनं दोनदा वाचलं, मग हळूच म्हणाला, “काका, तो गोलकीपर हाय ना जी. त्याले हात लावता येते.” मी म्हटलं, मला माहीत होतं, तुझी परीक्षा घेत होतो. असा मी. पुढचं ऐकताना हे लक्षात ठेव.

तर, शंभर वर्षांत हा क्लब एकदाच चषकाच्या अंतिम फेरीत पोचला, १९६२ च्या मार्चमध्ये. सामना त्यांच्याच मैदानावर, नदीकाठी, आणि त्या दिवशी असं दाट धुकं की अर्ध्या मैदानातून दुसरा गोल दिसेना. शेवटची पाच मिनिटं राहिली. ऑल्डरबीचे सगळे पुढे चढाईला गेलेले. तेवढ्यात समोरच्यांनी चेंडू लांब मारला, तो टप्पे खात धुक्यात शिरला आणि सरळ जाळ्यात गेला. गोलरक्षक जागेवर नव्हता! सामना एक-शून्यनं हरले. गोलरक्षक होता रेमंड टली, वय तेवीस, गावातला पोस्टमन. कुठे गेला होतास, असं सगळ्या गावानं विचारलं. त्याचं एकच उत्तर: “मी तिथे नव्हतो.” पुढे नऊ वर्षं तो खेळला, जन्मभर त्याच गावात पत्रं वाटली, पण दुसरा शब्द बोलला नाही. आजही तिथे कुणी काम अर्धवट टाकून गेला की ‘टली झाला’ म्हणतात. साहजिकच केयूरनं फोनवर विचारलं, “मामा, क्लेगनी त्या सामन्याबद्दल काही लिहिलंय का? सगळं गाव वाट बघतंय.”

लिहिलं होतं. तीन पानं. क्लेगसाहेबांचं अक्षर एरवी वाईट, पण त्या तीन पानांवर ते पिसाळलं होतं, आणि वरून चहा सांडलेला. दोन दिवस भिंग लावून मला सुटे शब्द लागले तीन: टली, सोडून, बाटली.

आता सरळ माणूस काय करतो? वाचता आलं नाही असं लिहितो. दफ्तरखान्यात मी हाताखालच्या मुलांना हेच शिकवायचो, की जिथे लागत नाही तिथे टिंबं द्या आणि गप्प बसा. आणखी एक युक्ती शिकवायचो, की डागाखालचं अक्षर हवं असेल तर कागदावर बाजूनं तिरका उजेड टाकायचा, म्हणजे टाकाच्या दाबाचे चर दिसतात. केयूरला एक फोन केला असता तर त्यानं तसे फोटो काढून पाठवले असते. पण फोन करायचा म्हणजे ‘मला लागत नाही’ म्हणायचं, आणि ते केयूरपुढे म्हणवेना. ही म्हणालीसुद्धा, “लिहा की वाचता आलं नाही म्हणून. तुमचा काय मान जातो?” मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. मग त्या तीन शब्दांची मोट बांधून मी एक सुरेख वाक्य तयार केलं, की गोलरक्षक टली हा ऐन मोक्याच्या क्षणी बाटलीच्या मोहाला बळी पडून गोल सोडून धुक्यात अंतर्धान पावला. त्यात आधी ‘बहुधा’ हा शब्द होता. अक्का, तो मी स्वतः काढला. वाक्याची लय बिघडत होती. रात्रंदिवस मला काही टोचत असेल तर तो खोडलेला ‘बहुधा’.

आणि मी धरून चाललो होतो की टली कधीच वारले असतील. विचारलं नाही. इतिहासातली माणसं मेलेलीच असतात अशी मला नोकरीतली सवय.

जुलैतल्या एका शनिवारी समारंभ झाला. तिथे दुपारचा एक, इथे संध्याकाळचे साडेपाच. मला व्हिडिओवरून सन्माननीय लेखक म्हणून बसवलं होतं. माझं तोंड सभागृहाच्या भिंतीवर दारापेक्षा मोठं दिसत होतं म्हणे. मी मुलाच्या लग्नातला कोट घातला होता. समोर शंभर-सव्वाशे माणसं, केक, आणि पहिल्या रांगेत क्लबच्या अध्यक्ष मार्गारेटबाई, क्लेगसाहेबांची एकुलती एक मुलगी, त्रेसष्ट वर्षांच्या, हसऱ्या, गलेलठ्ठ, मला पाहून दोन्ही हात हलवणाऱ्या. केयूर वाचत होता. मिसेस पिमला टाळ्या पडल्या. चेंडूच्या उपसमितीला लोक टेबलं बडवून हसले. मी तरंगत होतो. मग बासष्ट साल आलं, आणि माझं ते वाक्य आलं. अक्का, सभागृह फुटलं! मार्गारेटबाई डोळे पुसत होत्या हसून हसून. साठ वर्षांचं कोडं पुण्याच्या माणसानं सोडवलं, असं कुणीतरी ओरडलं.

तेव्हा दुसऱ्या रांगेतून एक म्हातारा उठला. काटकुळा, टाय बांधलेला, हातात टोपी. हसणं एकदम थांबलं. केयूरचा आवाजही थांबला. म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. त्यानं केयूरकडे वळून विचारलं, “बाटलीबद्दल आणखी काय लिहिलंय?” केयूर म्हणाला, “एवढंच, मिस्टर टली.” मग त्यानं भिंतीवरच्या माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, “साहेब, मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही.” आणि खाली बसला. निघून गेला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तो बसला, आणि शेजारणीनं पुढे केलेला केक त्यानं घेतला.

मागून कुणीतरी विचारलं, की लेखकमहाशय, हे नेमकं कुठल्या पानावर आहे? आणि तुझा भाऊ, पेशवाईतल्या कागदांवर भल्याभल्यांशी वाद घालणारा, काय करता झाला? त्यानं आधी टेबलावरच्या दिव्याची वायर ओढली, मग व्हिडिओ बंद केला. मग केयूरला निरोप धाडला, की कर्वेनगरात लाईट गेली. अर्ध्या तासानं स्वरालीचा निरोप आला: ‘मामाआजोबा, लाईट गेली तेव्हा तुमचा पंखा फिरत होता.’ दहा वर्षांची आहे पोर. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, एवढे तिच्यावर तुझे संस्कार.

त्या रात्री मी जेवलो नाही. हिनं वाढलेलं ताट झाकून ठेवलं आणि गरम दूध आणून दिलं. अडतीस वर्षांत ती माझ्याशी इतकी चांगली कधी वागली नव्हती आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी वैजनाथ विचारायला आला, कसा झाला म्हणून. त्याला मात्र सगळं खरं सांगितलं, का ते कळत नाही. तो पायरीवर टेकला. म्हणाला, “काका, मीबी एकदा गोल खाल्ला होता कॉलेजात. अजून गावात गेलो का पोट्टे थेच काढतात. त्या बाबानं साठ वर्स आयकलं जी.” मग म्हणाला, “माफी मागून टाका. मोठ्या माणसानं मागितली का लय बरं वाटते.”

मागितली. टलीसाहेबांना हातानं पत्र लिहिलं, चार वेळा फाडून. केयूरला फोन करून कबूल केलं की मला ते वाचता आलं नव्हतं, आणि बाकीचं मी रचलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मामा, एक फोन करायचास ना.” तो ओरडला नाही. तुझा मुलगा आहे, ओरडत नाही. त्याच्याकडून त्या तीन पानांचे तिरक्या उजेडातले फोटो मागवले. आठ दिवस बसलो. तरीही वाचता आली नाहीत. शेवटी दुरुस्तीची चिठ्ठी छापायला सांगितली, आणि ती तिथे एकेका प्रतीत चिकटवली आहे: ‘१९६२ च्या सामन्याची पानं वाचता आलेली नाहीत. बाटलीची हकीकत संकलकानं मनानं लिहिली होती. ती पूर्णपणे खोटी आहे. श्री. टली यांची आणि वाचकांची संकलक क्षमा मागतो.’ खाली माझं नाव, गावासकट. स्वराली सांगते, की क्लबात आता कुणी माहिती नसताना ठोकून दिलं की त्याला ‘गोवंडे’ म्हणतात. आपलं आडनाव सातासमुद्रापार नेण्याची बाबांची फार इच्छा होती.

असं आहे सगळं. तुझ्या मुलाची तिथल्या चार लोकांत मान खाली गेली ती माझ्यामुळे, तेव्हा पहिली क्षमा तुझी मागायला हवी होती, ती दोन महिन्यांनी मागतोय. घरात सर्वांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लाव, पण जिना चढू नकोस.

तुझा,
श्याम

ता. क. हिनं मेतकूट पाठवलंय. डबा परत पाठव, तो शेजारच्यांचा आहे.

ता. क. २. अक्का, वर एक वाक्य खोटं लिहिलंय. चार वेळा हे पाकीट बंद केलं आणि उघडलं. ती तीन पानं मला वाचता आली. तिरक्या उजेडात शब्द न् शब्द लागला.

सामन्याच्या वेळी क्लेगसाहेबांची बायको सहा महिन्यांच्या मुलीला बाबागाडीत घालून गोलच्या मागे बांधावर उभी होती. बाळंतपणापासून ती बाई मनानं खचली होती, गप्प गप्प असायची, आणि सासू बाळाला तिच्याकडून काढून आपल्या गावी न्यायला टपली होती. गाडी तिच्या हातून सुटली आणि उतारावरून नदीकडे निघाली. टलीनं पाहिलं, गोल सोडला, कमरेएवढ्या पाण्यात उतरून गाडी धरली. दुधाची बाटली तेवढी वाहून गेली. धुक्यात कुणाला काही दिसलं नाही, आणि चिखलात सगळेच भिजलेले होते. बाईनं त्याचे पाय धरले, की हे कळलं तर माझं बाळ नेतील. त्यानं शब्द दिला. रात्री बाईनं नवऱ्याला सांगितलं. क्लेगसाहेब चिटणीस, इतिवृत्त तर खरं लिहायचं, आणि बायकोला तर जपायचं, म्हणून त्यांनी ते अशा अक्षरात लिहिलं. चहाही सांडला नसावा, ओतला असावा. ते बाळ म्हणजे मार्गारेटबाई. आईनंच वाढवलं तिला. त्यांना यातलं काही माहीत नाही. आपली आई म्हणजे गावातली सगळ्यात आनंदी बाई होती असं त्या सांगतात.

मी टलीसाहेबांना दुसरं पत्र लिहून विचारलं, की आता सांगू का सगळ्यांना? तुमचं नाव धुऊन निघेल. त्यांचं उत्तर आलं, पोस्टमनच्या नीट अक्षरात. लिहितात: ‘तुम्ही हर्बर्टचं अक्षर वाचलंत, तुम्ही हुशार आहात. आता कृपा करून विसरा. त्या दिवशी मी उठलो तो रागानं नव्हे. त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बाटली म्हणालं, आणि मला वाटलं, आता सगळं बाहेर आलं, आणि मार्गारेट समोरच बसलीय. दारूची निघाली हे पाहून मला इतकं हायसं वाटलं की मी दोन तुकडे केक खाल्ला. तुम्ही वाचता आलं नाही असं छापलंत तर माझ्यावर उपकार होतील.’

म्हणून ती चिठ्ठी. आता खरं काम. केयूर म्हणतोय, की ती पानं तो तिथल्या एका विद्यापीठात देणार आहे, त्यांच्याकडे कसलंही अक्षर वाचणारं यंत्र आलंय. मामाची चूक निस्तरायची आहे त्याला. मी नको म्हटलं तर त्याला वाटतं मी अजून लाज झाकतोय, आणि मला पुढे बोलता येत नाही. तू आई आहेस, तू थांबव. कारण सांगू नकोस. मामा म्हातारा झालाय, आणखी फजिती सोसवणार नाही त्याला, असं सांग. तो ऐकेल. माझ्याबद्दल त्याला जे वाटायचं ते वाटू दे.

हे पान वाचून झालं की चुलीत घाल. गॅस असला तर गॅसवर धर, पण पदर सांभाळून.